बोलणं एक, वागणं एक : मनातली जात मोजायची कशी?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



समितीच्या पोरांनी दोन महिन्यांपूर्वी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, काका, यंदा तुम्ही बोला. आम्ही विचारलं, विषय काय? तर म्हणाले, कोणताही घ्या, फक्त मागच्या वर्षीचा नको. म्हणून आज नवीन विषय घेतला आहे. विषय आहे माणसाच्या मनाचा. रोजच्या व्यवहारात आपण एकमेकांबद्दल मनात काय धरून असतो, आणि ते ओळखायचं कसं, मोजायचं कसं. या शास्त्राला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. मनाच्या या कलाला पुस्तकात अभिवृत्ती असा जड शब्द आहे. आपण साधा ‘मनाचा कल’ म्हणू.

आम्ही काही प्राध्यापक नाही. दहावीला गणितात गेलो आणि सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. वाचायची गोडी लागली ती वाचनालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. पुढे आमच्या लेकीने एम. एस. डब्ल्यू. केलं. तिची पुस्तकं घरात आली, ती तिने आम्हाला वाचून दाखवली, समजावून सांगितली. आज जे सांगणार आहोत त्यातलं निम्मं तिचं आहे.

पण मोजणं म्हणजे काय, हे मात्र आम्ही गिरणीतच शिकलो. सूत चांगलं आहे असं तोंडाने सांगून गिरणीत चालत नाही. १२० वार सुताची लच्छी काढतात, तिचं वजन करतात आणि त्यावरून सुताचा नंबर ठरवतात. मग तीच लच्छी यंत्रावर ताणून पाहतात, किती ताणावर तुटते ते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सुतं सारखीच पांढरीशुभ्र दिसतात. ताण पडला की कोणतं कच्चं आणि कोणतं पक्कं ते कळतं. माणसाच्या मनाचंही तसंच आहे, हे आज आम्हाला सांगायचं आहे.

आधी आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमचा मुलगा जळगावला नोकरीला लागला. धुळ्याहून रोज येणं-जाणं परवडेना, म्हणून खोली शोधू लागला. एका ठिकाणी फोन केला. घरमालक फार गोड बोलले. या, बघा, पसंत पडली तर आजच सामान आणा. आम्ही बापलेक दोघं गेलो. खोली चांगली होती, भाडं ठरलं. मालकांनी चहा सांगितला. चहा पिता पिता पूर्ण नाव विचारलं. नाव सांगितलं. मग मूळ गाव विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला? त्याचं उत्तर दिल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मालक म्हणाले, घरच्यांना एकदा विचारून संध्याकाळी कळवतो. तो संध्याकाळचा फोन आजवर आला नाही. माणूस वाईट नव्हता. कप वेगळा दिला नाही, बसायला खुर्ची दिली. चहा पाजला, पण खोली दिली नाही. त्या माणसाला उद्या कोणी विचारलं की तुम्ही जात पाळता का, तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, छे, आमच्या मनात तसलं काही नाही. आणि बंधूंनो, तो खोटं बोलत नसेल. त्याला तसंच वाटत असेल. इथेच या शास्त्राचा प्रश्न सुरू होतो.

या प्रश्नावरचा एक जुना प्रयोग अमेरिकेतला आहे. ला पिएर नावाचे एक संशोधक होते. त्या काळात अमेरिकेत चिनी माणसांबद्दल लोकांच्या मनात फार अढी होती. ला पिएर एका चिनी जोडप्याला सोबत घेऊन मोटारीने देशभर फिरले. २५१ हॉटेलं, खाणावळी आणि मुक्कामाच्या जागी ते गेले. नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. मग काही महिन्यांनी त्यांनी त्याच जागांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ जणांची उत्तरं आली. त्यांतल्या शंभरात नव्वदाहून जास्त जणांनी नाही म्हणून कळवलं. हा अभ्यास १९३४ साली छापून आला. म्हणजे कागदावर नाही म्हणणाऱ्यांनी समोर आलेल्या माणसाला जेवू घातलं होतं. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. कागदावर हो आणि दारात नाही. पण धडा एकच, की तोंडचं उत्तर आणि हाताची कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक मोजली म्हणून दुसरी कळत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०११-१२ साली भारतात एक मोठी पाहणी झाली. दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेचं मेरिलँड विद्यापीठ यांनी मिळून देशभरातल्या ४२ हजारांहून जास्त घरांत जाऊन माणसं विचारली. त्यात अस्पृश्यतेबद्दल प्रश्न होता, आणि तो कसा विचारला ते ध्यानात घेण्यासारखं आहे. आधी सरळ विचारलं, तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? जो नाही म्हणाला, त्याला दुसरा प्रश्न, अनुसूचित जातीचं माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आलं किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? पहिल्या प्रश्नाला नाही म्हणणारे काही जण दुसऱ्या प्रश्नाला अडखळले. दोन्ही मिळून देशात शंभरातल्या २७ घरांनी कबुली दिली. कायद्याने अस्पृश्यता संपून तेव्हा साठ वर्षं झाली होती.

आता महाराष्ट्राचा आकडा ऐका. शंभरात फक्त ४. तेव्हाच्या आमच्या गिरणीतल्या एका मित्राने पेपरात हे वाचलं आणि म्हणाला, बघा, फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र! आम्हालाही बरं वाटलं. का वाटू नये? चळवळीने काही केलंच नाही असं आम्ही म्हणत नाही. पाणवठे खुले झाले, शाळेत पोरं एका बाकावर बसली, हे आपल्या डोळ्यांदेखत झालं आहे. पण त्या चाराच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, काही लोक खरोखर बदलले. दुसरी, काही लोक फक्त शिकले, की असं चारचौघांत बोलायचं नसतं. कोणते किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ताण पडल्याशिवाय कळत नाही.

तो ताण आपल्या जिल्ह्याशेजारी पडला. जून २०१८. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यातलं वाकडी गाव. मातंग समाजाची दोन अल्पवयीन पोरं उन्हाळ्यात विहिरीत पोहली. त्यांना उघडं करून पट्ट्याने मारलं, आणि त्याचं चित्रीकरण मोबाईलवरून देशभर फिरलं. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली. त्या वेळी पेपरात असंही आलं होतं की मारणारे फार वरच्या जातीचे नव्हते, भटक्या समाजातले होते. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

मग ज्यांच्या हातात काही देण्या-न देण्याची सत्ता असते, त्यांचं मन कसं मोजायचं? विचारून तर ते सांगणार नाहीत. आपल्या अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी युक्ती केली. २००५ ते २००७ या काळात ६६ आठवडे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी. फरक फक्त नावा-आडनावात. एक नाव वरच्या जातीचं, एक दलित वाटावं असं, एक मुस्लिम. मुलाखतीचं बोलावणं कोणाला येतं, तेवढंच पाहायचं. निकाल असा आला की वरच्या जातीच्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता १०० धरली, तर दलित नावाला ती ६७ च्या आसपास आणि मुस्लिम नावाला ३३ च्या आसपास पडली. माणूस कोणी पाहिलाच नव्हता. फक्त कागदावरची दोन अक्षरं पाहिली होती. हे वाचलं तेव्हा जळगावच्या त्या चहाची आठवण झाली. आम्हाला वाटत होतं, आपल्या पोराचंच नशीब खोटं. नशिबाचा काही संबंध नव्हता. हजारो पोरांच्या बाबतीत तेच घडत होतं, फक्त कोणी मोजलं नव्हतं. संशोधनाचा हा मोठा उपयोग आहे. एकट्याचं दुःख एकट्याचं राहत नाही, ते पुरावा होतं.

काही लोक म्हणतात, मनात काय आहे त्याला काय करायचं, कायदा आहे ना. बंधूंनो, मनातली गोष्ट पगारात येते. आमचे आजोबा जुन्या काळी गिरणीत होते. ते सांगायचे, साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? तर धोटा. कांडी संपली की धोट्यात नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढायचं. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा कामगारही तोंडाला लावणार. म्हणून आपला माणूस तिथे नको. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होतं, आणि १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. साळखात्यात पगार जास्त होता. म्हणजे एक थुंकीची किळस, आणि त्यापायी पिढ्यान्पिढ्या आपली माणसं कमी पगाराच्या खात्यात. मालकाने नियम लिहिला नव्हता. सोबतचे कामगारच नको म्हणत होते. लाल झेंड्याखाली एकत्र चालणारेच ते कामगार होते. रोजच्या मनाचा कल काय करू शकतो, त्याचं यापेक्षा मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

इथवर दुसऱ्यांचं झालं. आता आपल्याकडे वळू. कारण हा कल दोन्हीकडे काम करतो. ज्याला कमी लेखलं जातं, त्याच्याही डोक्यात तो जाऊन बसतो.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक बायांनी एक प्रयोग केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीची पोरं घेतली. एका वेळी सहा, तीन वरच्या जातीची आणि तीन चांभार समाजाची. कागदावर भुलभुलैया काढलेला, त्यातून वाट शोधायची. ठरलेल्या वेळात जेवढे सोडवाल, तेवढे पैसे. जिथे जातीचा उल्लेख केला नाही, तिथे दोन्हीकडची पोरं सारखीच हुशार निघाली. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येक पोराचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. बाकी सगळं तेच. तेवढ्याने चांभारांच्या पोरांनी सोडवलेले भुलभुलैये कमी झाले. पोरांची अक्कल तीच होती. हात तोच, पेन्सिल तीच. फक्त चारचौघांत जात उच्चारली गेली.

आई-बापांनो, हे नीट ऐका. आपला पोरगा परीक्षेत कमी पडला की आपण म्हणतो, अभ्यास केला नाही. कधी कधी तसंही असतं. पण वर्गात शिष्यवृत्तीच्या यादीसाठी त्याला नाव घेऊन उभं केलं, आणि मागून कोणी हसलं, तर त्या दिवशी त्याचं गणित चुकतं. आम्ही दहावीत गणितात गेलो ते सगळं यामुळेच, असं म्हणणार नाही. पण वर्गात उभं राहिल्यावर कान कसे तापायचे, ते आजही आठवतं. म्हणून पोराला मठ्ठ म्हणण्याआधी, वर्गात आज काय झालं, एवढं विचारत जा.

बाबासाहेबांनी ही मनाची बाजू फार लवकर ओळखली होती. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. त्या निबंधात त्यांनी गॅब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताचा अनुकरणाचा सिद्धांत घेतला. वरचा करतो ते त्याच्या खालचा करतो, त्याचं पाहून त्याच्या खालचा करतो, आणि अशी जात खाली खाली पसरत गेली. पुढे १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात त्यांनी मांडलं की जात दगडविटांची नाही, ती मनात आहे, म्हणून मन बदलल्याशिवाय ती पडायची नाही. ते भाषण तर लाहोरच्या मंडळाने होऊच दिलं नाही, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. आणि श्रेणीबद्ध विषमता हा त्यांचा शब्द तुम्हाला पाठ आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आहे, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी आहे. म्हणून वाकडीला मारणारे कोण होते ते लक्षात ठेवा म्हटलं. आणि ज्या पाहणीचे आकडे मघाशी सांगितले, तिच्यात हेही निघालं होतं, की खुद्द अनुसूचित जातींतल्या शंभरातल्या १५ घरांनी आपण अस्पृश्यता पाळतो अशी कबुली दिली. आपल्यापेक्षा खालची कोणाची तरी.

आता आमचीच लच्छी ताणून दाखवतो. लेकीला विचारून सांगतोय. ती आणि जावई समोरच बसले आहेत.

वाकडीचं प्रकरण झालं तेव्हा आम्ही निवेदन द्यायला गेलो होतो. घोषणा दिल्या, मातंग समाजाच्या बांधवांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. घसा बसला होता तीन दिवस. त्याच वर्षी डिसेंबरात लेकीने घरी सांगितलं, की तिच्यासोबत शिकलेल्या एका मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, कामाला लागलेला. समाज मातंग.

आम्ही काय म्हणालो असू? जातिअंतावर वीस वर्षं भाषणं करणारा माणूस. आम्ही म्हणालो, मुलगा चांगला आहे, पण तो अजून बौद्ध झालेला नाही. लेक म्हणाली, आप्पा, तो उद्या दीक्षा घेईल. मग हो म्हणाल?

आम्ही गप्प बसलो. कारण खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण होतं, भाऊबंद काय म्हणतील. धाकटीचं जमवताना अडचण येईल. आणि त्याच्याही खाली, बोलायला लाज वाटते पण बोलतो, आपण त्यांच्यापेक्षा थोडे पुढे आहोत, असं काहीतरी आत बसलेलं होतं. ते कुठून आलं ते आम्हाला सांगता येत नाही. कोणी शिकवलं नव्हतं. तार्दच्या त्या सिद्धांतासारखं खालपर्यंत झिरपत आमच्यापर्यंत आलं होतं.

अकरा महिने आम्ही टाळाटाळ केली. कोणी पाहणीवाला तेव्हा दारात आला असता आणि म्हणाला असता, तुम्ही जात मानता का, तर आम्ही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, छे. अगदी जळगावच्या त्या घरमालकासारखं. शेवटी मुलीची आई एका रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, तुम्ही जामनेरच्या पोरांसाठी ओरडले, ती पोरं मोठी होऊन आपल्या दारात आली तर त्यांना चहाच पाजणार का फक्त? तिने शाळा चौथीपर्यंत केली आहे. ती रात्र आम्हाला झोप लागली नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये याच विहारात, या मूर्तीसमोर लग्न लागलं. आपल्यातली पुष्कळ घरं आली, त्यांचे उपकार आहेत. काही घरांनी अहेर पाठवला, माणूस पाठवला नाही. आम्ही कोणाला दोष देत नाही. अकरा महिने आम्हीही त्यांच्यातच होतो. पण एवढं म्हणतो, की अहेराचं पाकीट पाठवणं म्हणजे आमच्या जळगावच्या चहासारखंच झालं.

मग यावर उपाय काय? नुसत्या भाषणाने मन बदलत नाही, हे तर आमच्यावरूनच सिद्ध झालं. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, वेगवेगळे गट नुसते जवळ आले म्हणून अढी जात नाही. बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी, एकमेकांच्या गरजेने जवळ आले, आणि वडीलधाऱ्यांचा, कायद्याचा त्याला पाठिंबा असला, तर जाते. गिरणीचा अनुभव हाच आहे. एका साच्यावर दोघं मिळून धागा सांधतात तेव्हा जात आठवत नाही. पण हंडी वेगळी ठेवली की लगेच आठवते.

आपल्याकडे याची परीक्षा क्रिकेटवर झाली आहे. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत १,२६१ तरुणांना घेऊन हा अभ्यास केला. महिनाभर चालणारे सामने भरवले. काही संघ एकाच जातीचे, काही संघ चिठ्ठ्या टाकून मिसळलेले. हा अभ्यास २०२१ साली छापून आला. एका संघात खेळलेल्या वेगवेगळ्या जातींच्या पोरांची मैत्री वाढली, आणि बक्षीस कोणाला द्यायचं त्यासाठी मत देताना आपल्याच जातीच्या पोराकडे झुकणं कमी झालं. पण जे वेगळ्या जातीच्या संघाविरुद्ध खेळले, त्यांच्यात हा फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलट परिणाम झाला. म्हणजे एका मैदानावर येणं पुरेसं नाही. एका संघात यावं लागतं.

आता आपण १४ एप्रिलला टेनिस बॉलचे सामने भरवतो, ते आठवा. आपल्या गल्लीचा संघ, त्यांच्या वस्तीचा संघ, सफाई कामगार वस्तीचा संघ. वर्गणी काढतो, करंडक देतो, आणि शेवटी बहुतेक वेळा भांडण होतं. आपण चांगल्या मनाने नेमकं उलटं काम करत होतो.

म्हणून समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, पुढच्या जयंतीला सामने भरवा, पण संघ चिठ्ठ्या टाकून पाडा, सगळ्या वस्त्यांची पोरं मिसळून. दोन, विहाराची अभ्यासिका आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांच्या पोरांना खुली करा, आणि नोंदवहीत फक्त नाव आणि इयत्ता लिहा. आडनावाचा रकाना नको. तीन, आपलं आपण मोजू. महिला मंडळाने घरोघरी एक कागद वाटावा. त्यावर नाव लिहायचं नाही. दोनच प्रश्न. पहिला, तुमच्या घरात जात मानतात का? दुसरा, तुमच्या मुलीने किंवा मुलाने मातंग, चर्मकार, मेहतर, आदिवासी घरातलं स्थळ आणलं, तर तुम्ही लग्नाला उभे राहाल का? कागद घडी करून दानपेटीशेजारच्या डब्यात टाकायचा. पुढच्या वर्धापनदिनाला दोन्ही प्रश्नांची उत्तरं मोजून इथे वाचू. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात जेवढं अंतर पडेल, तेवढं आपलं काम बाकी आहे असं समजू. कोणाची लाज काढायची नाही. सुताचा नंबर काढतात तो कामगाराला मारायला नाही, सूत सुधारायला.

हे आपल्या धम्माच्या बाहेरचं नाही. तथागतांनी कालामांना तेच सांगितलं, की ऐकलं म्हणून, परंपरेने आलं म्हणून धरून बसू नका, अनुभवाला लावून पाहा. या आणि पाहा, असं आपला धम्म म्हणतो. मग आपल्याच मनाकडे पाहायला घाबरायचं कशाला?

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब आपल्या धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगला लांडोर बंगल्यावर जमतो. पावसात, चिखलात, पोरंबाळं घेऊन जातो. तिथे डबे उघडतात तेव्हा शेजारी कोण बसलं आहे ते कोणी विचारत नाही. ठेचा इकडून तिकडे जातो, भाकरी तिकडून इकडे येते. त्या एका दुपारी आपण जसे असतो, तसे बाकीचे ३६४ दिवस राहता येईल का, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तोंडाने देऊ नका. डब्यात टाका.